डावीकडे ओढणारं चाक

मैदानावर रेषा आखायच्या पांढऱ्या पुडीला आमच्याकडे सगळे चुना म्हणतात, पण तो चुना नव्हे. चुन्याने हात भाजतात, आणि डोळ्यांत गेला तर पोरांना दवाखान्यात न्यावं लागतं. ही खडूसारखी मऊ पूड असते, पोत्यातून येते. गवत दहिवराने जरा ओलं असेल तेव्हाच ती नीट बसते. ऊन चढलं की वारा सुटतो, मग अर्धी पूड गवतावर आणि अर्धी माझ्या साडीवर. म्हणून माझं काम सकाळी सगळ्यांच्या आधी. घरी परतताना आमच्या गल्लीतली भाजीवाली रोज विचारते, "अक्का, पिठाच्या गिरणीत लागलात काय?"

मी खानापूरकडच्या एका गावची. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले. लग्न झाल्यावर बेंगळुरूला आले ती इथलीच झाले. बरीच वर्षं कोरमंगलाच्या एका ऑफिसात फरशी पुसली, आणि नंतर एचएसआर लेआउटच्या या मैदानावर लागले. आमच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी बायकांना आपापल्या कामाविषयी लिहायला सांगितलंय. बँकेतल्या आणि शाळेतल्या बायका लिहितीलच. मी लिहिलेलं देईन की नाही, मला ठाऊक नाही. चारजणींत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिते. आणि लिहिते ते माझ्यापेक्षा मी जे पाहिलं त्याविषयी.

आमच्या मैदानावर जो खेळ चालतो त्याला फुटबॉल म्हणतात, पण त्यात चेंडूला पाय लावत नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोरांना खेळ नीट शिकवलेला नाही. हा अमेरिकेकडचा फुटबॉल. चेंडू गोल नसतो, दोन्हीकडून निमुळता असतो, मोठ्या पपईसारखा. तिकडे म्हणे एकमेकांच्या अंगावर पडतात. आमच्याकडे तसं नाही. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन्ही बाजूंनी रंगीत फिती. चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत समोरच्याने ओढली की डाव थांबला. त्या फिती धुणं, वाळवणं, गुंता सोडवणं हेही माझंच काम. दोन्हीकडे पाच-पाच जण. पळत पळत चेंडू पलीकडच्या टोकाच्या पट्टीत न्यायचा, किंवा त्या पट्टीच्या आत पाय ठेवून झेलायचा, की गुण मिळाले.

या पाचांत एक जण चेंडू फेकणारा असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. बाकीचे पळतात, तो मागे उभा राहून कोणाकडे फेकायचं ते ठरवतो. ठरवायला त्याला मिळतात दोन-चार श्वास. तेवढ्यात समोरचा एक जण सुसाट त्याच्या अंगावर येत असतो. आणि फेकायचं ते माणूस आहे तिथे नव्हे, तर माणूस पोचेल तिथे. चेंडू निघतो तेव्हा त्या जागी कोणीच नसतं. मला या खेळातलं फार कळत नाही, पण रिकाम्या जागेवर विश्वासाने चेंडू टाकणारं पोर बघितलं की अजून माझे हात रेषा आखायच्या गाड्यावरच थांबतात.

असं पोर घडवता येतं का, यावर आमच्या मैदानावर कायम वाद. कुंपणापाशी उभे राहणारे आईवडील म्हणत, येतं. एक वडील तर नाव घालतानाच विचारत होते, "क्वार्टरबॅक व्हायला साधारण किती महिने लागतील?" जसं काही सोफा करायला टाकला होता. आमचा वॉचमन रामण्णा म्हणायचा, नाही येत. "आंब्याला कोणी आंबा शिकवतं काय, अक्का? फेकणारा आईच्या पोटातून यावा लागतो."

खेळ शिकवणारे मुत्तण्णा सर या वादात पडत नसत. ते कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, उंच, जाड मानेचे. आवाज असा, की त्यांनी हाक मारली की रस्त्यापलीकडची कुत्री उठून बसत. ते माझ्याशी कानडीत बोलत, मैदानावर सगळं बोलणं बहुतेक कानडीतच. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

आधी एका मुलाविषयी लिहायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. त्याचं नाव आदित्य. त्याच्या हातात देवाने काय घातलं होतं कोण जाणे. या टोकाहून फेकलेला चेंडू त्या टोकाला जायचा, आणि जाताना भोवऱ्यासारखा फिरत जायचा. सर त्याच्यावर खूश होते. रोज त्याच्या मागे उभे राहून सांगायचे, "डावीकडे बघ. आता मधला. थांब. आता फेक." तो फेकायचा आणि चेंडू बरोबर हातात जायचा. वर्षभर असं चाललं. रामण्णा म्हणाला, बघ, आंबा. मलाही वाटलं, हा मोठा होणार.

एका सामन्याच्या दिवशी सरांचा घसा बसला. तापाने नव्हे, आदल्या दिवशी ओरडून ओरडून. तोंडातून नुसती हवा येत होती. त्या दिवशी आदित्यच्या हातात चेंडू आला की तो आधी सरांकडे बघायचा. सर हातवारे करायचे, तेवढ्यात समोरचा येऊन त्याची फीत ओढायचा. परत चेंडू, परत सरांकडे मान, परत फीत. हरल्यावर तो रडला नाही. बूट काढले, पिशवीत भरले आणि गेला. नंतर खेळला नाही. आता कधी कधी सकाळी रस्त्यावर धावताना दिसतो, हात वर करतो. तो हात बघितला की मला अजून वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी मी रेषांची सुतळी गुंडाळत होते. सर येऊन दुसरं टोक धरून उभे राहिले. घसा बसलेलाच होता.

"अक्का," ते म्हणाले, "त्या पोराला मी सगळं सांगितलं. शोधायला काहीच ठेवलं नाही."

मी सुतळी गुंडाळत राहिले. पण त्या दिवसापासून सर कमी बोलायला लागले. कुत्रीही निवांत झोपायला लागली.

भाग्या आली ती त्यानंतर. जवळच्या सरकारी शाळेतून सरांनी काही मुली आणल्या, त्यांतली एक. तिची आई दोन गल्ल्या सोडून होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली इस्त्रीचा गाडा लावते. मुलींच्या संघात बाकीच्या बहुतेक उंच इमारतींतल्या. त्यांची कप्तान मेघना. मनाने चांगली, पायाने हरीण, आणि तोंडाने आकाशवाणी. इंग्रजीत सुरू करून कानडीत संपवायची, मधे हिंदीला जाऊन यायची. भाग्या कोणत्याच भाषेत बोलायची नाही. हात लहान, चेंडू मुठीत मावायचा नाही, पहिले काही महिने तो फिरतच नव्हता, मेलेल्या कबुतरासारखा पडायचा. सरांनी तिची बोटं शिवणीवर कशी ठेवायची ते दाखवलं, आणि मग रोज त्या बोटांकडे बघत बसले. चेंडू हळूहळू फिरायला लागला. पण नुसतं तेवढ्याने कोणी तिला फेकणारी केलं नसतं.

सरांचा एक खेळ होता. डाव मधेच थांबवायचे आणि फेकणाऱ्या मुलीला डोळे मिटायला लावायचे. "सांग, कोण कुठे होतं?" बाकीच्या मुली दोघींची जागा सांगायच्या, तिसरीला अडायच्या. भाग्याची पाळी आली की ती मान खाली घालून उभी राहायची. सर म्हणायचे, बरं, जा. मग ती माझ्याकडे फिती सोडवायला यायची आणि गुंत्याकडे बघत हळूच सांगायची.

"अक्का, मेघना उजव्या कोपऱ्यापाशी होती. तिच्या मागची पोरगी घसरली, तिचा डावा पाय. तुम्ही पाण्याच्या ड्रमपाशी होतात. रामण्णा मामा शिंकले."

"अगं मग सरांना का नाही सांगितलंस?"

"सगळ्या बघत होत्या."

हे उत्तर मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी सरांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना आधीच कळलेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी भाग्याला फेकणारीच्या जागी उभं केलं.

इथे खरी अडचण सुरू झाली. दर डावाआधी पाचही जणी डोकी जुळवून कोंडाळं करतात. त्यात फेकणारीने सांगायचं असतं, आता कोणता डाव. डावांना नावं सरांनीच ठेवली होती, सगळी नाश्त्याची. इडली म्हणजे मधे जवळच फेकायचं. वडा म्हणजे वळसा. चौचौबात म्हणजे दोघी दोन बाजूंनी पळतात. हॉटेलात एकाच बशीत खाराबात आणि केसरीबात देतात ना, तसं. एक तिखट, एक गोड, समोरचीने काय खावं ते ठरेपर्यंत बशी गेली. बाजूने सर खुणेने नाव सुचवायचे. डोक्यावर हात म्हणजे इडली. पण कोंडाळ्यात बोलायचं ते फेकणारीनेच. भाग्या गप्प राहायची. मेघना तिच्या ओठांकडे बघायची, थांबायची, आणि मग स्वतःच सांगून टाकायची. म्हणजे फेकणार भाग्या आणि ठरवणार मेघना. मेघनाला जे दिसायचं ते पळणारीला दिसतं तेवढंच. भाग्याला सगळं मैदान दिसायचं आणि ते तिच्या पोटातच राहायचं.

एकदा संघाच्या ऑफिसचे किरण साहेब आले. मैदानाचं भाडं, गणवेश, बस सगळं तेच बघतात. माणूस वाईट नाही. पाण्याच्या ड्रमपाशी ते सरांशी बोलत होते.

"सर, चेन्नईच्या संघातली एक मुलगी इथे कॉलेजला येतेय. तयार आहे, खणखणीत बोलते. तिला फेकायला ठेवू, आणि भाग्याला पळायला."

"स्पर्धेपर्यंत भाग्याच," सर म्हणाले.

"अहो, मुलगी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण मुकी क्वार्टरबॅक कुठे असते काय? फेकायला शिकवाल. बोलायला कसं शिकवणार?"

सर ड्रमचं झाकण नीट बसवत राहिले.

"आणि स्पर्धेतही ती गप्पच राहिली तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

ते गेल्यावर मी बाटल्या घ्यायला ड्रमच्या मागे गेले. भाग्या तिथे बसून बाटल्या भरत होती. एक बाटली भरून वाहत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. मी नळ बंद केला.

आता माझ्या कामाचं थोडं सांगते. रेषा आखायचा गाडा म्हणजे चाकांवरची पेटी, खाली फट. ढकलत गेलं की पूड पडत जाते. मैदानाच्या दोन लांब बाजूंना सुतळी लावून आखतो, पण आडव्या रेषांना, अगदी टोकाच्याही, सुतळी लावत बसलं तर ऊन येतं. तेव्हा समोरच्या टोकाला एक माणूस उभा करायचा आणि त्याच्या पायांवर नजर ठेवून गाडा ढकलत जायचं. आमच्या गाड्याचं एक चाक झिजलेलं. गाडा डावीकडे ओढायचा. ढकलणाऱ्याला ते कळत नाही, त्याला आपण सरळच चाललोय असं वाटतं. समोरच्याला मात्र लगेच दिसतं. म्हणून समोरच्याने ओरडायचं असतं. ते काम रामण्णाचं. तो ओरडायचा, शिवाय शिव्याही द्यायचा, गाड्याला.

मी सरांना म्हटलं होतं, चाक बदलून आणा. सर म्हणाले, "आत्ता नको." मला वाटलं, किरण साहेब पैसे देत नसतील.

ड्रमपाशी ते बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर लवकर आले. रामण्णाला म्हणाले, जा, चहा पिऊन ये. आणि भाग्याला म्हणाले, "उद्यापासून नाही, आजपासून. अक्का रेष आखतील, समोर तू उभी राहा. वाकडी जायला लागली की सांग. हात मागे बांधायचे. खुणा नाहीत."

ती पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी गाडा ढकलला. अर्ध्या वाटेवर बघितलं तर तिचं तोंड उघडलं होतं, मिटलं होतं. मी आपली चालत राहिले. पोचले तेव्हा रेष तिच्या पायांपासून हातभर बाजूला आली होती. तिचे कान लाल झाले होते.

मी झाडू घ्यायला गेले. पुसून पुन्हा आखायची म्हणजे फार काम नव्हे.

"राहू दे," सर म्हणाले.

"सर, वाकडी आहे."

"दिसतंय. राहू दे. रेष आहे तिथे आहे."

त्या दिवशी सगळ्या मुली त्या वाकड्या रेषेवर खेळल्या. हसून हसून पुरेवाट झाली. मेघना म्हणाली, "अक्का, रात्री काय घेतलं होतंत?" मी हसले. भाग्या हसली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझं मैदान म्हणजे लहान मुलाने काढलेलं चित्र झालं. इतकी वर्षं रेषा आखल्या, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. रामण्णा चहाचा ग्लास घेऊन बाजूला उभा राहून माना हलवायचा. "सरांना ऊन लागलंय," म्हणायचा. मलाही तेच वाटायला लागलं होतं.

मग एकदा सरावात मेघनाने असा झेल घेतला, की मी फिती टाकून उभी राहिले. मागे वाकून, एका हाताने, अगदी टोकाच्या पट्टीत. पण रेष तिथे वाकडी होती आणि तिचा पाय पलीकडे पडला. सरळ असती तर आत पडला असता. सर म्हणाले, बाहेर. मेघना वाद घालायला लागली. सर म्हणाले, रेष आहे तिथे आहे. तेव्हा ती आकाशवाणी गप्प झाली. तिथेच गवतावर बसली आणि ढोपरांत डोकं घातलं. भाग्या तिच्याकडे बघत उभी होती. बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडा ढकलायला सुरुवात केली. सर माझ्याकडे पाठ करून चेंडू पुसत होते. थोडी चालले असेन, आणि समोरून आवाज आला.

"अक्का, स्वल्प बलक्के."

म्हणजे जरा उजवीकडे. आवाज इतका बारीक, की वारा असता तर पोचला नसता. मी गाडा उजवीकडे घेतला. सर वळले नाहीत. पण त्यांचा चेंडू पुसणारा हात थांबला होता.

मी पुढे चालले. परत, "अक्का, बलक्के." मग परत. रेष तिच्या दोन पावलांच्या बरोबर मधे जाऊन थांबली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

तेव्हा मला ते चाक समजलं. "आत्ता नको" म्हणजे काय ते समजलं. मी गाड्यापाशी उभीच राहिले. या माणसाने तिला बोल असं एकदाही म्हटलं नव्हतं. फक्त तिच्या गप्प राहण्याने काय होतं ते रोज पांढऱ्या रंगात काढून तिच्यापुढे ठेवलं होतं, आणि वाट बघितली होती. अख्ख्या मैदानाने वेडा म्हटलं तरी वाट बघितली होती. मला ते जमलं नसतं. मी पहिल्याच दिवशी झाडू उचलला होता.

पुढे आवाज वाढत गेला. काही दिवसांनी तर मला ऐकावं लागलं, "अक्का, झोपलात काय? बलक्के म्हटलं ना." कोंडाळ्यातही ती बोलायला लागली, आधी एकेक शब्द. इडली. वडा. मेघना खांद्यावर हात टाकून म्हणायची, "सांग गं, आज काय खायचं?" पण ते आमचं मैदान, आमची माणसं. परक्या ठिकाणी काय होईल, ते कोणालाच माहीत नव्हतं.

स्पर्धा राजाजीनगरकडच्या एका मैदानावर होती. फिती आणि पाणी घेऊन मीही गेले. माणसं पुष्कळ, भोंग्यावर गाणी. शेवटच्या सामन्यात भाग्या पुन्हा जुनी भाग्या झाली. कोंडाळ्यात मेघनाच बोलत होती. आम्ही मागे पडलो. किरण साहेब दोन्ही हात छातीशी बांधून उभे होते. त्यांनी सरांकडे एकदा बघितलं.

मधल्या सुट्टीत सर सगळ्यांशी बोलले, भाग्याशी सोडून. मला वाटलं, आता तरी काहीतरी सांगा. ते म्हणाले, "अक्का, मुलींना पाणी द्या."

मी भाग्याला बाटली दिली. ती प्यायली नाही. टोकाच्या पट्टीकडे बघत म्हणाली, "अक्का, इथली रेष बघितलीत? त्या कोपऱ्यात बाहेर गेलीय."

मी निरखून बघितलं. लांबून सरळ दिसत होती. बराच वेळ बघितल्यावर मला तो फुगवटा दिसला. बाहेरच्या अंगाला, जेमतेम एका पावलाचा.

"कोणीतरी सांगितलं नाही वाटतं," मी म्हटलं.

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. आणि पाणी प्यायली.

खेळ पुन्हा सुरू झाला. एका डावात मेघनाने पळून गुण मिळवले. अंतर राहिलं थोडंसं. वेळ संपत आली आणि आमच्याकडे शेवटचा एक डाव उरला. चेंडू पट्टीत गेला तर जिंकलो, नाहीतर घरी. सरांनी डोक्यावर हात ठेवला. इडली. मधे, जवळच, सुरक्षित.

भाग्याने सरांकडे बघितलं. आणि मान हलवली. नाही.

मी सरांकडे बघितलं. आदित्यच्या वेळी या माणसाने ओरडून घसा बसवला होता. सर एक क्षण तसेच डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि खिशात घातला. दुसराही घातला.

मग मला कोंडाळ्यातून आवाज ऐकू आला. मी बाजूला पाण्यापाशी उभी, मधे एवढं अंतर, वर भोंगा, तरी ऐकू आला.

"चौचौबात. उलटं. मेघना, तू त्या कोपऱ्यात जायचं. रेषेपर्यंत."

"तिथे जागा नाहीये, भाग्या."

"आहे. जा."

चेंडू तिच्या हातात आला. समोरची मुलगी वाऱ्यासारखी तिच्यावर धावली. भाग्या एक पाऊल मागे गेली. सरांकडे बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही. हात मागे गेला आणि चेंडू सुटला. कोपरा रिकामा होता. तिथे गवत होतं आणि रेष होती, बस. चेंडू वर गेला, फिरत फिरत, इतका शांत, की मला वाटलं तो कुठे जायचं ते विचारून निघालाय. समोरच्या मुलींनी तो बाहेर जाणार म्हणून सोडून दिला. आणि मेघना आली. कुठून आली ते मी बघितलं नाही. हात लांब केले, चेंडू धरला, आणि तिचा पाय त्या फुगवट्यात पडला, रेषेच्या आत.

पंच गुडघ्यावर बसले. पायाचा ठसा बघितला, रेष बघितली. मग उभे राहून दोन्ही हात वर केले.

मुली कशा एकमेकींवर पडल्या, ते लिहीत नाही. सर मुलींसाठी आणलेलं केळं सोलून खात उभे होते. किरण साहेब त्यांच्यापाशी आले.

"सर, तुम्ही तर इडली सांगितली होती ना?"

"होय."

"म्हणजे तिने तुमचं ऐकलं नाही."

"नाही ऐकलं," सर म्हणाले. आपलं ऐकलं नाही म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. केळ्याची साल त्यांनी किरण साहेबांच्या हातात दिली आणि मुलींकडे गेले.

चेन्नईची मुलगी आली. चांगली पोरगी आहे, झेल छान घेते. फेकते भाग्याच. रामण्णा म्हणाला, "बघ अक्का, आईच्या पोटातूनच आली होती ही." मी म्हटलं, मग आदित्य? त्यावर तो चहा प्यायला गेला. खरं काय ते मलाही सांगता यायचं नाही. तिचे डोळे सरांनी दिले नव्हते, हे मी पक्कं सांगते. पण ते डोळे पोटातच राहिले असते, हेही तितकंच पक्कं.

स्पर्धेनंतर काही दिवसांनी सर नवं चाक घेऊन आले. कागदात गुंडाळलेलं, तेल लावलेलं. रामण्णा पाना घेऊन बसला. सर म्हणाले, "अक्का, तुमची सुटका." मी खूश झाले. खोटं का सांगू, त्या ओढणाऱ्या गाड्याने माझा खांदा धरला होता.

भाग्या आली. चाकाकडे बघितलं, गाड्याकडे बघितलं. सरकारी शाळेतून त्या आठवड्यात नव्या मुली आल्या होत्या. त्यांतल्या एकीला सरांनी कालच डोळे मिटायला लावले होते, आणि ती मान खाली घालून उभी राहिली होती. नंतर माझ्यापाशी नव्हे, भाग्यापाशी जाऊन तिने काहीतरी पुटपुटलेलं मी बघितलं होतं.

"सर," भाग्या म्हणाली, "चाक आत्ता नको."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग रामण्णाच्या हातातून पाना घेतला आणि चाक पुन्हा कागदात गुंडाळलं.

भाग्याने त्या नव्या मुलीचा हात धरला, तिला पलीकडच्या टोकाला नेऊन उभं केलं, आणि स्वतः लांब जाऊन, पाठ करून चेंडू पुसायला बसली. मी गाडा ढकलला. पोरगी बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं. रेष हातभर बाजूला गेली.

सवयीने मी झाडूकडे वळले.

"राहू दे, अक्का," भाग्या पाठमोरीच म्हणाली.